गेमिंग पीसी घेताना पॉवर सप्लाय पाहा

महोदय,

नाशिकमध्ये मुलांसाठी पहिला गेमिंग पीसी जुळवून घेणाऱ्या पालकांनी कोटेशनची बेरीज नंतर पाहावी, आधी पॉवर सप्लायचं, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं, मॉडेल विचारावं. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या बिननावाच्या डब्यावर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं, पण तेवढी वीज तो बऱ्याचदा देत नाही, आणि गेममध्ये ग्राफिक्स कार्डाने जोर लावला की पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. मध्यम कार्डाला ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला, ५५० ते ६५० वॅटचा सप्लाय बहुधा पुरतो. दिव्यांच्या पंख्यांचे पैसे इकडे वळवा! रॅमची १६ जीबीची एक पट्टी नको, ८च्या दोन घ्या, दोन मिळून वेगाने चालतात. डीडीआर ४ या जुन्या पिढीची रॅम नव्या डीडीआर ५च्या मदरबोर्डात बसतच नाही. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये (नावाच्या शेवटी एफ असलेल्या) स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणून मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा. मदरबोर्डाला लावल्यास पडदा काळाच राहतो. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

– एक वाचक, नाशिक रोड