एका सावरीसाठी तीन फेऱ्या

कुडाळ, १२ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

एका सावरीसाठी तुझा दोस्त तीनदा गावात का येऊन गेला, असं अण्णांनी तुला विचारलं म्हणे. त्यांना नीट सांगायचं राहिलं माझ्याकडून. फोनवर तुलाही घाईत सांगितलं असतं, म्हणून आज सवडीने लिहितोय.

फेब्रुवारीत पहिल्यांदा आलो. तुमच्या देवराईतली ती काटेसावर तुला आठवतच असेल, पाणंदीच्या टोकाची. अंगावर एक पान नाही आणि सगळं झाड लाल. खाली फुलांचा सडा होता, हवी तेवढी उचलता आली असती. पण वाळवून नमुना म्हणून ठेवायचं तर फूल फांदीला असावं लागतं. कळी कुठे येते, देठ केवढा, हे फांदीवरच कळतं. आणि राईत कोयती चालवायची नाही, हे तुला मी काय सांगायचं! अण्णा म्हणाले, "नेतंस तर इचारान ने." मग मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. कौल उजवा पडला तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याही परवान्याने वाटलं नव्हतं. एकच फांदी काढली, हातभर.

सावरीचं फूल दाबणं हे मोठं चिकाटीचं काम. पाकळ्या जाड, मांसल, खालचा पेला तर चामड्यासारखा. अख्खं फूल कागदात घातलं की आत पाणी राहतं आणि चार दिवसांत सगळं काळं पडतं. म्हणून एक फूल उभं चिरून आतले पुंकेसरांचे झुबके दिसतील असं पसरायचं, एक मिटलेलं ठेवायचं, आणि पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचे. एवढं करूनही लाल रंग जातोच, विटकरी होतो. तो रंग फक्त नोंदवहीत टिकतो. झाडाखाली उभं राहूनच लिहायचं: तारीख, जागा, झाडाची उंची, खोडावरचे शंकूसारखे काटे, फुलाचा रंग, कोण पक्षी आले, गावात नाव काय. अठ्ठावीस बाय बेचाळीस सेंटिमीटरच्या कागदावर झाड मावत नाही. जे मावत नाही ते नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर यावं लागतं.

हे मी एकदा चूक करून शिकलोय. एमएस्सीला असताना दिवसभर दहा नमुने गोळा केले आणि चिठ्ठ्या रात्री खोलीवर लिहिल्या. दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी असा संशय आला, पण कुठल्या दोन ते ठरवता येईना. दहाच्या दहा टाकून दिले. सुंदर वाळले होते रे. अजून हळहळ वाटते, पण खोटी जागा लागलेलं पान ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं.

एप्रिलमध्ये दुसरी फेरी, बोंडांसाठी. दोन कापूस फुटलेली आणि एक मिटलेलं. ती कागदात बसत नाहीत, पिशवीत घालून वर क्रमांक बांधला. आणि परवा तिसरी फेरी पानांसाठी. एका देठावर पाच ते सात पर्णिका, पंजासारख्या. तिन्ही फेऱ्यांचे क्रमांक वेगळे. पण वहीत प्रत्येकापुढे 'झाड तेच' असं लिहिलंय. ही पानं वाळवताना पावसाने जीव काढला. कागद सुकेना, बुरशीचा वास येऊ लागला, शेवटी घरातल्या इस्त्रीने एकेक कागद कोरडा करून बदलत बसलो.

मुंबईत तुझ्या ऑफिसपासून जवळच झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, १९०६ सालचा. परवानगी काढून एकदा जाच. शंभर वर्षांपूर्वीची पानं तिथे कपाटात आहेत. कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ मध्ये छापून झाली, तीही अशाच वाळवलेल्या नमुन्यांच्या आधारावर. तेव्हा कुणीतरी पावसात कागद बदलत बसलं होतं, म्हणून एखादं झाड त्या काळी कुठे उभं होतं, कधी फुललं होतं, हे आज आपण सांगू शकतो. आपल्याकडच्या किती राया गेल्या! गेलेल्या राईत काय होतं हे कुणाला विचारायचं?

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. चतुर्थीला येशील तेव्हा तुमच्या माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, काय काय बांधतात ते मला नोंदवायचंय. कवंडळ, हरण, कांगलं, आयनाची फळं मला ओळखता येतात. पण तुझी काकी दरवर्षी दोन-तीन वेली अशा आणते की त्यांची नावं तिलाच ठाऊक. त्या कुठून आणते, नाव काय, आधी जवळ मिळायच्या आणि आता लांब जावं लागतं का, हे तिच्या तोंडून ऐकून लिहून घ्यायचंय. तिला आधी कल्पना देऊन ठेव, आणि रानात जायच्या दिवशी मलाही हाक मारायला सांग. पिशवी मी धरीन.

आणि येताना रद्दी आण, जमेल तेवढी. गुळगुळीत पुरवण्या नकोत, त्या पाणी शोषत नाहीत. साधी वर्तमानपत्रं.

अण्णांना नमस्कार.

तुझा,
बाळू

ता. क. सावरीच्या फांदीची जखम पाहून आलो. कडेने साल भरून आली आहे. हे अण्णांना नक्की सांग.