पानसे यांच्या वाट्याला अर्धी ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला कृषी महाविद्यालयाच्या जुन्या वास्तूवरचा लेख वाचला. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ हॉवर्डसाहेबांच्या कंपोस्टला पाऊण पान दिलंत, त्याबद्दल तक्रार नाही. इंदूरचं नाव त्या खताच्या पद्धतीमुळेच जगभर गेलं. पण हॉवर्ड १९३१ मध्ये इथून गेले आणि तुमचा लेखही तिथेच संपला. पुढे त्याच संस्थेत उमेदीची वर्षं घालवलेल्या संख्याशास्त्रज्ञ वि. गो. पानसे यांची बोळवण ‘आकडेमोडीचं कामही इथे चाले’ एवढ्या अर्ध्या ओळीत झाली, तीही नाव न घेता. मराठी वर्तमानपत्रात, आणि तेही इंदूरच्या! रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलो.

कापसाचं वाण चांगलं की जमीनच कसदार, हे एका शेतात बघून कळत नाही. म्हणून वाणांच्या चाचणीसाठी शेताचे तुकडे कसे पाडायचे, याचा पक्का विचार पानसे यांनी कापूस-शास्त्रज्ञ हचिन्सन यांच्याबरोबर इथे बसून केला. १९३७ साली तो छापून आला. पुढे संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ (१९५४) आजही शेतकीच्या प्रबंधांत संदर्भ म्हणून असतं. मी ते वर्षानुवर्षं शिकवलं आहे.

आणि हे पुस्तकापुरतं नाही. पीक विम्याचा पैसा मिळणार की नाही, हे वर्षानुवर्षं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडलेल्या शेतातला छोटा तुकडा कापून उतारा मोजण्यावर, ठरत आलं आहे. त्या प्रयोगाची घडी सुखात्मे-पानसे यांच्या पिढीने बसवली. खसरा नंबर, म्हणजे शेताचा नोंदणी क्रमांक, रँडम अंकांवरून काढायचा, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून अंकांप्रमाणे पावलं मोजायची, तिथेच खुंटी ठोकायची. हे सगळं अशासाठी, की कापणाऱ्याच्या मर्जीला वाव राहू नये. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपं आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे या दोघांनी चाळीसच्या दशकात दाखवून दिलं. कापसात तर काम आणखी अवघड, कारण वेचण्या अनेक. तिथेही पानसे यांनी तुकड्याच्या आकाराचा हिशेब मांडला.

सांवेरजवळ आमची थोडी शेती आहे, धाकटा भाऊ बघतो. मागे एका खरिपात पिवळ्या मोझॅक रोगाने अर्धं सोयाबीन गेलं. कापणी प्रयोगासाठी जो खसरा निघाला, तो नाल्यापलीकडचा, पाणथळ. चिखलातून जायला नको म्हणून कापणी झाली रस्त्यालगतच्या शेतात. पावलं मोजलीच नाहीत. जिथे पीक दाट दिसलं तिथे खुंटी ठोकली, आणि दोरीबाहेरची रोपं विळ्याने आत ओढून घेतली. भावाने हटकलं तर उत्तर मिळालं, ‘अरे भैया, सोयाबीन तो सब एक जैसा है.’ हलक्याचा, म्हणजे पटवाऱ्याच्या हद्दीतल्या सगळ्या गावांचा, उतारा चांगला निघाला आणि गावात कुणालाही दमडी मिळाली नाही. अर्ज केला, तर ‘प्रयोग नियमाप्रमाणे झाला’ असं छापील उत्तर आलं. भाऊ अजून विचारतो, ‘दादा, तू आयुष्यभर हेच शिकवलंस ना?’

संपादकसाहेब, म्हणून मला त्या अर्ध्या ओळीचा राग आला. पानसे पुढे दिल्लीला गेले, कृषी अनुसंधान परिषदेचे संख्याशास्त्र सल्लागार झाले. त्यांच्या स्मृतीत व्याख्यानं होतात. पण ज्या मातीत त्यांनी खुंट्या ठोकल्या त्या इंदुरात, आमच्या रामबागेतल्या किती घरांना हे नाव माहीत आहे? माहीत असतं तर त्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या चार जणांपैकी एकाने तरी ‘पावलं मोजा’ असं दरडावून सांगितलं असतं. पानसे यांच्या कामावर स्वतंत्र लेख छापा. लिहायला माणूस मिळत नसेल तर मी लिहून देतो, मानधन नको.

जाता जाता आणखी एक. मंडीचे सोयाबीनचे भाव तुमच्याकडे हल्ली एक दिवस शिळे येतात. भाऊ त्या भरवशावर ट्रॉली भरून छावणीच्या मंडीला आणतो आणि तिथे भाव वेगळाच निघतो. निदान भावाखाली तारीख तरी छापत जा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
रामबाग, इंदूर