भीती वंशाची की वाटेकऱ्याची?

संपादक महोदय,

आंतरवंशीय विवाहाचा विषय निघाला की बोलणे प्रेम आणि पूर्वग्रह यांभोवतीच फिरते. मिळकतीचा मुद्दा कोणी काढत नाही. अमेरिकेतले जुने कायदे मात्र त्याच मुद्द्यावर उभे होते.

व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये ठरवले, की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात मुलाचा दर्जा बापाकडून येई. येथे तो उलटवला. त्यामुळे मालकाला गुलाम स्त्रीपासून मूल झाले तर त्याच्या इस्टेटीला वारस मिळत नसे, इस्टेटीतला एक गुलाम वाढे. स्वतःच्या रक्ताचे मूल बाप विकू शकत होता. उलट, स्वतंत्र गोऱ्या स्त्रीला काळ्या पुरुषापासून लग्नाबाहेर मूल झाले, तर १६९१ च्या कायद्याने तिला १५ पौंड दंड. तो भरता आला नाही तर तिची ५ वर्षांची चाकरी विकली जाई आणि मूल तिसाव्या वर्षापर्यंत वेठीला बांधले जाई. संबंध कोणाचे, यावर शिक्षा ठरत होती.

गुलामी संपली तरी विवाहबंदी राहिली. ओरेगन राज्याच्या १८६६ च्या कायद्यात गोऱ्यांना कृष्णवर्णीय, चिनी, हवाईयन आणि निम्म्याहून अधिक मूलनिवासी रक्ताच्या व्यक्तीशी लग्नाची मनाई होती. फ्रेड पॅके हा गोरा आणि ओफीलिया ही टिलामूक या मूलनिवासी जमातीची. दोघांनी तीस वर्षे संसार केला. फ्रेड वारल्यावर त्याच्या भावाने मिळकतीवर दावा लावला. १९२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लग्न मुळातच रद्दबातल ठरवले. म्हणजे ओफीलिया विधवाच नव्हती, आणि विधवा नाही तर वाटाही नाही. फ्रेड हयात असताना ज्या संसाराला कोणी हात लावला नाही, तो वारसाच्या रकान्यात नाव लिहायची वेळ येताच बेकायदा ठरला. ही बंदी खरी चालत होती ती अशी, मेल्यानंतर आणि नातलगांच्या हातून.

१२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग या आंतरवंशीय जोडप्याच्या खटल्यात एकमताने असे कायदे घटनाबाह्य ठरवले. तेव्हा ते १६ राज्यांत शिल्लक होते. हा निकाल प्रेमाचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. पण त्या दिवशी त्या राज्यांतल्या अशा बायकांना नवऱ्याच्या घरावरचा हक्कही मिळाला. या विषयावर छापताना ही बाजू गाळू नये, एवढी कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक