तीस ग्रॅमची वाटी कोण खातं? सीरियलच्या कंपनीला तक्रार पत्र

इंदिरानगर, नाशिक
दि. ७ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: चॉकलेट चवीच्या नागली (नाचणी) सीरियलच्या बॉक्सवर साखरेची माहिती दिशाभूल होईल अशा रीतीने छापल्याबद्दल

महोदय / महोदया,

शाळा सुरू झाल्यावर गंगापूर रोडवरच्या एका सुपरमार्केटमधून आपल्या कंपनीच्या सीरियलचा ३७५ ग्रॅमचा बॉक्स घेतला. त्यात किडे निघाले नाहीत, मुदत संपलेली नव्हती, वजनही नीट भरलं. तेव्हा कृपया उत्तरादाखल नवा बॉक्स पाठवू नका. माझी तक्रार बॉक्सवर काय छापलंय आणि कुठे छापलंय याबद्दल आहे.

दर्शनी बाजूला नागलीची भरदार कणसं, मधाची धार, उड्या मारणारं अस्वल, ‘लोह व जीवनसत्त्वांनी समृद्ध’ अशी पाटी आणि आत स्टिकर मोफत. घटकांची यादी मात्र खालच्या घडीजवळ, तपकिरी रंगावर पिवळ्या अक्षरांत. मोबाइलचा टॉर्च लावून वाचली. आधी मक्याचा रवा, मग साखर, मग गव्हाचं पीठ, त्यानंतर नागली ७ टक्के, पुढे कोको, द्रव ग्लुकोज, माल्ट अर्क आणि अगदी शेवटाकडे मध. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे साखर दुसऱ्या नंबरवर आणि जिचं चित्र काढलंय ती नागली चौथ्या.

आम्ही नाशिककर आहोत हो, नागली आम्हाला चित्रातून ओळखावी लागत नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली आमच्या घरी दरवर्षी येते, तिची भाकरी होते, पापड होतात. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, म्हणून तर तिचं नाव पुढे केलं की आया बॉक्स उचलतात. पण बॉक्सवर एका वेळचं वाढप म्हणून छापलेल्या ३० ग्रॅमच्या वाटीत ७ टक्क्यांच्या हिशेबाने नागली येते जेमतेम दोन ग्रॅम. तिच्यातून जेवढं कॅल्शियम मिळेल, त्याहून जास्त दोन चमचे दुधात मिळतं.

आता ती ३० ग्रॅमची वाटी. तक्त्यात लिहिलंय की १०० ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर ३१ ग्रॅम आणि एका वाढपात ९.३ ग्रॅम, म्हणजे रोजच्या मर्यादेच्या १९ टक्के. वाचायला बरं वाटतं. आमचा मुलगा दुसरीत आहे. तो रोज जेवढं घेतो तेवढं मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, तर ते ६० ग्रॅमच्या आसपास भरलं. तुमच्या बॉक्सवरच्या चित्रातला बोलही काठोकाठ भरलेला आहे, तो ३० ग्रॅमचा नक्कीच नाही. ६० ग्रॅममध्ये साखर झाली १८.६ ग्रॅम, म्हणजे साडेचार चहाचे चमचे, तीही सकाळी सातच्या आत, शाळेची बस यायच्या आधी.

आणि ते १९ टक्के कुणाचे? लेबलवरचा हिशेब २००० किलोकॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाचा असतो, त्याला दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली आहे. नियमच तसा आहे, त्याबद्दल तुम्हाला दोष देत नाही. पण बॉक्सवर अस्वल आहे, आत स्टिकर आहेत. खाणारा मोठा माणूस नाही हे तुम्हाला माझ्याआधी माहीत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या तक्त्याप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १७०० किलोकॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. आमच्या मुलासाठी पहिली मर्यादा होते सुमारे ४२ ग्रॅम, दुसरी सुमारे २१. एका बोलमध्ये त्याचा दुसरा आकडा जवळपास संपतो. डब्यातला जॅम, संध्याकाळचं बिस्किट, कुणाच्या तरी वाढदिवसाची चॉकलेटं अजून बाकीच आहेत.

तुम्ही म्हणाल, मग देऊ नका. तेवढं सोपं असतं तर पत्र लिहिलं नसतं. आमच्या वर्गाच्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावर कडाक्याचं भांडण झालं. एकीचं म्हणणं, याच्यामुळे निदान दूध तरी पोटात जातं, नाहीतर मुलगी उपाशी शाळेत जाते. ते काही खोटं नाही. दुसरीच्या मुलाच्या चार दाढा किडल्यात, तिने घरातून बॉक्स हद्दपार केलाय. तिसरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाते, तिला पोहे करायला वेळ कुठून मिळणार? आमच्याकडे सासूबाई म्हणतात, ‘अगं, आपण शिरा करतोच की, त्यात साखर नसते का?’ असते, चांगली वाटीभर असते. पण ती मी माझ्या हाताने मोजून घालते. आज जास्त पडली तर उद्या कमी घालते, आणि शिरा हा गोड पदार्थ आहे हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक आहे. तुमच्या सीरियलवर ‘पौष्टिक सुरुवात’ लिहिलंय. मुलाला गोड द्यायचं की नाही, किती आणि कधी, हे आम्ही आईबापांनी ठरवायचं. तुमचं लेबल मला ते ठरवूच देत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

हे सगळं मी तुमच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर बोलले. पलीकडची मुलगी अदबीने बोलली, तिच्याबद्दल तक्रार नाही. मी विचारलं, मुलासाठी हा टक्का किती? ती म्हणाली, ‘मॅडम, तीस ग्रॅम इज स्टँडर्ड.’ नंतर ईमेल आला, त्यात आमच्या उत्पादनावरील प्रेमाबद्दल आभार होते आणि सोबत चॉकलेट सीरियलच्या लाडवांची पाककृती. त्यात आणखी पाव वाटी साखर!

चिलीमध्ये २०१६ पासून साखर जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का छापावा लागतो आणि मुलांना भुलवणारी कार्टून काढून टाकावी लागली. तिथे सीरियलच्या कंपन्या बंद पडल्या नाहीत. आपल्याकडेही दर्शनी बाजूच्या इशाऱ्याचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलाय आणि सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलंय. म्हणजे मुलगा शाळेत फलकावर वाचणार की साखर कमी खा, आणि घरी अस्वल त्याला सांगणार की आणखी एक बोल घे. नियम येईपर्यंत थांबायची तुम्हाला काही सक्ती नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. १०० ग्रॅममागे किती साखर घातली तो आकडा बॉक्सच्या पुढच्या बाजूला, नागलीच्या चित्राइतका ठळक छापा. वाढपाचं माप चित्रातल्या बोलशी जुळवा, नाहीतर चित्रातला बोल अर्धा रिकामा दाखवा. लहान मुलांसाठी विकता, तर टक्केवारी लहान मुलाच्या गरजेवर काढून तीही द्या. नागली ७ टक्केच ठेवायची असेल तर पुढची कणसं काढा. स्टिकर बंद करा, कारण दुकानात मुलगा सीरियलसाठी नाही, स्टिकरसाठी हट्ट धरतो. आणि तुमचे बिनसाखरेचे साधे फ्लेक्स फक्त मोठ्या पॅकमध्ये, सगळ्यात वरच्या फळीवर का असतात, आणि चॉकलेटवाले दहा रुपयांच्या पुडीत शाळेजवळच्या किराणा दुकानात कसे पोचतात, याचंही उत्तर द्या. साधे फ्लेक्सही छोट्या पाकिटात आले तर त्यात केळं चिरून द्यायला मी तयार आहे.

उत्तर मराठीत आणि लेखी हवं. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत ते आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि बॉक्ससह एक प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात देईन. उरलेलं सीरियल बरणीत काढून ठेवलंय, ते रविवारी गोड म्हणून, मी मोजून दिलं तेवढंच मिळतं. मुलाने त्यावर आधी रुसवा धरला, आता निमूट पोहे खातो, शेंगदाणे मात्र वेचून बाजूला काढतो.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)

सोबत: बिलाची प्रत, बॉक्सच्या चारही बाजूंचे फोटो, वजनकाट्यावर ठेवलेल्या बोलचा फोटो, आपल्या ईमेलची प्रत (लाडवांच्या पाककृतीसह)