खोली मिळाली

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

खोली मिळाली. फोनवर घाईत एवढंच सांगितलं, पण तेवढ्याने तुमची काळजी मिटणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तुम्ही म्हणत होतात, फोटो चांगले आहेत तर पैसे भरून टाक, हातची जाईल. पण इथे नव्याने आलेल्या मुलांना फोटो दाखवायचे, 'मी बाहेरगावी आहे, पैसे भर, चावी पोस्टाने येईल' म्हणायचं आणि गायब व्हायचं, हा धंदाच आहे. त्यामुळे घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं.

एक खोली फार आवडली होती, पण त्या घरात मालकीणबाई स्वतः राहतात. तिथे मी भाडेकरू नाही, लॉजर ठरले असते. लॉजरच्या डिपॉझिटला कायद्याचं संरक्षण नाही आणि घर सोडायला सांगितलं तर हातात वेळही थोडाच. बाई भल्या होत्या, तरी नको म्हटलं.

आता घेतलेल्या घरात आम्ही पाच जणी, कोणी कोणाच्या नात्यातली नाही. अशा घराला इथल्या कौन्सिलचा परवाना लागतो आणि एकीची खोली निदान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७० चौरस फूट असावी लागते. मी टेप नेला होता. खोली त्याहून मोठी भरली. नळ सोडून गरम पाणी येतं का ते पाहिलं, कपाट पुढे ओढून मागची भिंत हाताने चाचपली. इथे हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, ओल कोंडते आणि अशाच जागी काळी बुरशी धरते. भिंत कोरडी निघाली.

आई, खरं सांगू? माझा निर्णय झाला तो स्वयंपाकघरात. ओटा पुसलेला, फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर नावाची चिठ्ठी, कचरा काढायची पाळी दारावर लिहिलेली. एजंट फोनवर बोलत होता तेवढ्यात तिथे राहणाऱ्या एकीला विचारून घेतलं. ती मोकळेपणाने म्हणाली, सकाळी बाथरूमसाठी थांबावं लागतं आणि हिवाळ्यात हीटिंगवरून कुरबुर होते, पण मालक दुरुस्तीला लगेच माणूस पाठवतो. तिने उणंही सांगितलं म्हणून माझा विश्वास बसला.

करार ज्याच्या त्याच्या खोलीपुरता आहे. सगळ्यांचा एकत्र असता तर एकीने भाडं थकवल्यावर ते बाकीच्यांच्या गळ्यात आलं असतं. आणि बाबा, दलाली नाही! २०१९च्या कायद्याने भाडेकरूकडून ती घ्यायला बंदी आहे. खोली राखून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं मागता येतं, ते मी भरलं. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ते मालकाने ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवायचं असतं. सामानाची यादी मिळाली की गालिच्यावरच्या जुन्या डागासकट सगळ्याचे फोटो काढून एजंटला मेल करणार आहे, म्हणजे निघताना तो डाग माझ्या नावावर लागणार नाही.

डिपॉझिटचे पैसे आत्ताच पाठवू नका. कराराची प्रत आली की तुम्हाला पाठवते, बाबांनी एकदा नीट वाचावी, मग सही करेन.

तुमची,
मनू