पंधरावा भुंगा

बाई,
सा. न.

तोंडावर आभार मानले तर "पुरे, चहा घे" म्हणाल, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

२०१६ च्या पावसाळ्यात माझा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, "उड्या आता विसरा" हेही ऐकून झालं. घुंगरं माळ्यावर टाकली. तुम्ही डोंबिवलीहून लोकलने आलात, गुडघ्याची चौकशी दोन मिनिटांत उरकलीत आणि नर्तकी चंद्रलेखांबद्दल बोलत सुटलात. खरं सांगते, तेव्हा रागच आला होता.

आपल्या पालघरमधल्या वाडा गावात १९२८ साली जन्मलेली मुलगी. कायद्याचं शिक्षण सोडून नाचाकडे वळलेली. १९५२ ला मद्रासमध्ये तिचं अरंगेत्रम्, म्हणजे मंचावरचा पहिला एकल नाच, तोही रायलसीमेच्या दुष्काळनिधीसाठी. यमुनेतली जलक्रीडा दाखवता दाखवता तिच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आली. नाचातलं पाणी आणि बाहेरचा दुष्काळ, मेळच लागेना. पुढे बराच काळ मंच सुटला. पोस्टरं, लेखन, स्त्री-चळवळ. १९८५ ला 'अंगिक' घेऊन परतली तेव्हा पन्नाशी कधीच उलटलेली. भरतनाट्यमला कळरीपयट्टू या केरळच्या युद्धकलेची आणि योगाची जोड. देवादिकांच्या कथा नाहीत, दागिने नाहीत. २००१ च्या 'शरीर'ची तुम्ही दाखवलेली चित्रफीत आठवते. इतकं सावकाश कुणी हलू शकतं?

मला तिचं सगळं पटतं असं नाही. अभिनय बाजूला ठेवणं अजून जड जातं. वर्णम्, म्हणजे भरतनाट्यममधली ती लांबलचक रचना, करताना माझे डोळे बोलतातच.

पण १९८९ च्या तिच्या 'लीलावती'ने मला हलवलं. भास्कराचार्यांच्या त्याच नावाच्या गणितग्रंथावर नाच! तुम्ही लगेच त्याच ग्रंथातलं भुंग्यांचं गणित वर्गात बसवायला काढलंत. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा शिलींध्रावर, दोन्हींतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, म्हणजे आपल्या कुड्यावर. उरला एक, केतकी आणि मालतीच्या वासात सापडून हवेतच घुटमळणारा. तीन, पाच, सहा आणि एक. वर्गात मुली अकरा. तीन आया ओढून आणल्यात, झाल्या चौदा. "पंधरावा भुंगा तू. तुला कुठल्याच फुलावर बसायचं नाहीये."

सात मिनिटं. सगळ्या अडवू, म्हणजे नाचाच्या मूळ पदरचना, करत आपापल्या फुलाकडे जायच्या आणि मी मधोमध अर्ध्या अरमंडीत, गुडघे बाहेर वळवून जेमतेम वाकलेली. वजन या पायावरून त्या पायावर, बस्स. गुडघा थरथरला तर तुम्ही म्हणायचात, "थरथरू दे, भुंगाच आहे." एका आईने मला नंतर विचारलं, तुम्ही नेमकं काय करत होता हो? पण माझ्यावरून नजर हटली नाही, हेही तिनेच सांगितलं.

त्यानंतर मी स्वतः दोन प्रयोग बसवले. एकातही उडी नाही.

घुंगरं माळ्यावरच आहेत. शनिवारी साडेपाचला येते. नीकॅप लावून.

तुमची,
पंधरावी