भाडं चढलं तर फरक माझा, उतरलं तर तुमचा?

देवगड, 19 एप्रिल 2024

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: त्याच विमानाचं भाडं उतरूनही फरकाचं क्रेडिट नाकारल्याबद्दल

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या कॉल सेंटरला पाचवा फोन केला. 47 मिनिटं चालला, त्यातली निम्मी तुमची बासरी ऐकण्यात गेली. म्हणून आता लेखी.

12 मेच्या मुंबई–मोपा (गोवा) विमानाची चार तिकिटं मी 3 एप्रिलला काढली. बहीण, भावोजी आणि दोन भाचरं. (कोकण रेल्वेचं आरक्षण उघडतं नि डोळा लवेपर्यंत संपतं, तेव्हा चैन म्हणून नव्हे.) माणशी 7,840 रुपये, त्यात ‘बदल मोफत’साठी मोजलेले जादा 499 आले. 14 एप्रिलला त्याच विमानाचं, त्याच प्रकारचं तिकीट तुमच्याच ॲपवर 5,260 ला. चौघांचा फरक 10,320. रोख मागितलेच नाहीत. क्रेडिट द्या म्हटलं, म्हणजे पैसे तुमच्याच गल्ल्यात राहणार.

उत्तर आलं, त्याच विमानातून त्याच विमानात बदल होत नाही. बरं, 13 तारखेला नेऊन परत 12 ला आणतो म्हटलं. तर म्हणे बदल मोफत आहे, पण नवं भाडं जास्त असेल तर फरक भरा, कमी असेल तर विसरा. मग रद्द करा म्हणाले. रद्दचे 3,999 कापून हातात 3,841, आणि नवं तिकीट 5,260. म्हणजे स्वस्त तिकिटासाठी माणशी 1,419 पदरचे घालायचे! 24 तासांत रद्द केलं असतं तर शुल्क पडलं नसतं, हेही ऐकवलं. विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा तो नियम मला ठाऊक आहे. भाव अकराव्या दिवशी उतरला. मला आधी दृष्टांत व्हायला हवा होता.

आता कालचं. तुमच्या प्रतिनिधीने फार गोड आवाजात विचारलं, “सर, आपण काय करता?” मला वाटलं, फॉर्म भरतोय. म्हटलं, आंब्याची बाग आहे. तर म्हणतो, “मग सर, मेमध्ये आंबा स्वस्त झाला की मार्चच्या गिऱ्हाइकाला पैसे परत करता का?” आणि हसला. मागे आणखी कोणीतरी हसलं. मी दोन क्षण गप्प. इकडून बायको ओरडतेय, “ठेवा तो फोन, बागेत माकडां इलीहत!” माकडांकडे जावं की तुमच्याकडे बघावं, ते कळेना.

तर त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर तुम्हाला देतो. हो, करतो. पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचली की व्यवहार संपला. पण मार्चमध्ये नोंदवलेली पेटी अजून आढीत असेल आणि वाशीच्या घाऊक बाजारात भाव कोसळला, तर मी आजचा भाव लावतो, नाहीतर डझनभर आंबा वर घालतो. त्यातली काही गिऱ्हाइकं माझ्या वडिलांच्या वेळची आहेत. तुमचं विमान अजून उडालेलं नाही. म्हणजे माझी पेटी आढीतच आहे, साहेब.

भाडं किती ठेवायचं हा तुमचा प्रश्न. उद्या 9,000 करा, मी बोंब मारणार नाही. पण 499 घेऊन ‘बदल मोफत’ विकायचा आणि तो एकाच दिशेने चालवायचा? चढलं तर माझ्याकडून, उतरलं तर तुमच्या खिशात. हे मी पाचही फोनवर बोललो आहे, इथेही दुसऱ्यांदा लिहितोय, कारण एकानेही त्याचं उत्तर दिलेलं नाही.

15 दिवसांत 10,320 चं क्रेडिट जमा झालं नाही तर सरकारचं विमान प्रवाशांच्या तक्रारींचं एअरसेवा पोर्टल, 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पावसात मला वेळच वेळ असतो.

12 मेला माणसं तुमच्याच विमानाने येतील, कारण तिकिटं फेकून देण्याइतका आंबा यंदा धरलेला नाही. त्यांची परतीची तिकिटं मात्र मी अजून काढलेली नाहीत.

आपला,
आजपर्यंतचा ग्राहक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग

सोबत: चारही तिकिटं, 14 एप्रिलच्या भाड्याचा स्क्रीनशॉट